जनावराचा प्रकार : सायकल

पोलीस ठाणे बोरी, दि. ८ सप्टेंबर १९९३

नाव सटवाजी येडबा गडदे, वय ४६ वर्षे, धंदा तीन एकर शेती व इंजिन दुरुस्ती, शिक्षण चौथी पास, राहणार जांबटेंभी, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी.

समक्ष हजर राहून सांगतो की, मी स्वतःच्या हातानं आजवर पुढील वस्तू केल्या आहेत. शिलाई मशीनच्या चाकावर चालणारं ताक घुसळायचं यंत्र एक. कडबा तोडायची कुट्टी एक, जिच्यात अजून कुणाचं बोट गेलेलं नाही. शाळेची घंटा, रुळाच्या तुकड्याची. तसंच सदर सायकलीचं कॅरिअर, स्टँड, सीट, ब्रेकचे रबर, चाकांच्या खरवडण्या चार आणि त्यांच्या खिळी चार. हे मला कुणी शिकवलेलं नाही. याचा प्रकरणाशी काय संबंध, असं जमादार किशनराव साहेबांनी विचारलं. संबंध खिळींचा आहे, तो पुढं येईल.

सायकल मी १४ नोव्हेंबर १९९१ रोजी परभणीहून घेतली. जाड टायरची, सरळ हँडलची, हिरवी. गिअर नाही. जमादार साहेबांनी आधी ‘जुनी सायकल’ असं लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. दुकानदारानं ती आठ महिने दारात टांगली होती. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, चेनकव्हर नाही, म्हणून लोक तिला अर्धी सायकल समजून पुढं जात. मी सहा मेंढ्या विकून ती घेतली. त्याच पैशात काळी, उंच, कॅरिअरवाली सायकल येत होती. पण आमच्या मातीत तसली सायकल आषाढापासून दसऱ्यापर्यंत खांद्यावर घेऊन फिरावं लागतं. सायकलीनं माणसाला न्यावं अशी माझी समजूत आहे.

दोन वर्षांत तिच्यात मी सुधारणा केल्या त्या अशा. मागचं फ्रीव्हील अठरा दात्यांचं होतं, ते काढून बावीस दात्यांचं बसवलं. वेग कमी झाला, चढ आणि चिखल सोपा झाला. सीटमध्ये माझ्याच मेंढ्यांची लोकर भरली. ब्रेकचे रबर ट्रकच्या टायरचे कापले. प्रत्येक चाकाच्या दोन्ही बाजूंना खुरप्याच्या पात्याच्या खरवडण्या बसवल्या. चाक फिरतं तसा चिखल त्या तासून टाकतात. या खरवडण्या खिळींवर अडकलेल्या असतात. सायकल कुठं लावली की चारही खिळी काढून मी खिशात टाकतो. लोक कुलूप लावतात, मी खिळी काढतो. खिळींशिवाय खरवडण्या लोंबतात आणि काळ्या मातीत चाळीस पावलांत चाक जाम होतं.

हँडलला घंटी आहे ती हरण्या बैलाच्या गळ्यातली. हरण्या १९८७ साली विकला. घंटी विकली नाही.

हरण्या गेल्यापासून आमच्या दारात बैल नव्हता आणि पोळाही नव्हता. गेल्या वर्षी पोळ्याला मी सायकल धुऊन दारात उभी केली होती. माझी बायको कासाबाई हिनं आरतीचं ताट आणलं. हँडलला हिंगूळ लावला, टायरवर पाणी घातलं, ओवाळलं आणि पुरणाची पोळी सीटवर ठेवली. मी काही बोललो नाही. यंदा १७ ऑगस्टला तिनं तसंच केलं. या वेळी शेजारीपाजारी बघत होते. हे मी लपवत नाही, कारण विरुद्ध बाजूचा सगळा भार याच गोष्टीवर आहे.

आमच्या गावचे मोठे शेतकरी आबासाहेब यांचे जावई बन्सीधर, राहणार झरी, हे धोंड्याच्या महिन्यासाठी २९ ऑगस्टला सासुरवाडीला आले. या महिन्यात जावयाला जेवू घालून वाण द्यायचा रिवाज आहे. आबासाहेबांनी अंगठी काढून ठेवली होती. पण वेशीजवळच्या चिखलात जावयांची मोटारसायकल रुतली, आणि त्याच वेळी मी इंजिनाची पेटी मागं बांधून शेजारून पुढं गेलो. मी मुद्दाम गेलो नाही, माझा रस्ताच तो आहे. घंटी मात्र वाजवली. त्याच संध्याकाळी जावयांनी अंगठी नको, सायकल पाहिजे असं सांगितलं. नवी नको, हीच पाहिजे.

आबासाहेबांनी मला बोलावून किंमत विचारली. मी विकायची नाही म्हणालो. परभणीहून अशीच नवी आणून देतो म्हणाले. मी म्हणालो, मग तीच जावयांना द्या. त्यावर ते सुपारी कातरत बसले.

दि. २ सप्टेंबर रोजी सकाळी नऊच्या सुमारास मी चंद्रभान यांच्या विहिरीवर इंजिनाचं नोझल काढायला गेलो. सायकल आबासाहेबांच्या बांधावर बाभळीला टेकवली, कारण पुढं पायवाट नाही. खिळी काढून खिशात घातल्या. अकरा वाजता परत आलो तर सायकल नव्हती. बांधावरून आबासाहेबांच्या ज्वारीत टायरचा माग गेला होता, एकसष्ट पावलं, चाळिसाव्यापासून पुढं ओढत नेल्याचा. ज्वारीची तेवीस ताटं मोडली होती. ती मी मोजली. आबासाहेबांच्या अर्जात चाळीस लिहिली आहेत, ती चूक आहे.

मागाच्या उजव्या अंगानं बुटाचे ठसे होते, टाचेला लोखंडी पट्टी असलेले. आमच्याकडं या दिवसांत शेतात कुणी बूट घालत नाही. माती पहिल्या पावलाला एक बूट ठेवून घेते आणि दुसऱ्या पावलाला दुसरा. या दिवसांत बूट घालून शेतात येणारा माणूस पाहुणाच असतो. सदर ठशाचं एक ढेकूळ मी फावड्यानं अलगद उचलून, पाटीत सावलीला वाळवून सोबत आणलं आहे. त्यात अर्धा टायर आणि पूर्ण टाच आहे.

माग काढत मी ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्यावर गेलो. पिकात शिरलेली मोकाट जनावरं तिथं कोंडतात. एक भाकड म्हैस, दोन शेळ्या आणि माझी सायकल आत होती. सायकल दाव्यानं खुंट्याला बांधली होती. कोंडवाड्याचा राखणदार भुजंग यानं वही दाखवली. त्यात लिहिलं होतं ते असं. जनावराचा प्रकार, सायकल. रंग, हिरवा. शिंगं, दोन, आडवी. शेपूट, नाही. नर की मादी, कळत नाही. दर, बैलाचा. चारा, रोज एक पेंढी. मी विचारलं, पेंढी कुणी खाल्ली. भुजंग म्हणाला, ‘टाकायचं माझं काम हाय. न्हाई खाल्ली तर तिची मर्जी.’

बैलाचा दर का, असं विचारल्यावर तो म्हणाला, ‘पोळ्याला ववाळली का न्हाई? आख्ख्या गल्लीनं बघितलंय. शेळीला कोन ववाळतं व्हय?’

दंड भरून सायकल सोडवायला मी तयार होतो. भुजंगनं कागद पुढं केला. त्यावर छापलं होतं, ‘सदर जनावर माझ्या मालकीचे असून मोकाट फिरत होते.’ मी सही केली नाही. ते जनावर नाही आणि मोकाट फिरत नव्हतं. एका ओळीत दोन खोट्या गोष्टी. सात दिवसांत मालकानं सोडवलं नाही तर लिलाव होतो. लिलाव उद्या ९ तारखेला आहे. तिथं बोली कोण लावणार हे गावात शेळीलाही ठाऊक आहे.

घरी गेल्यावर कासाबाई म्हणाली, ‘आवं करा की सही. बैल तर बैल. माझी आरती झाली तवा तुमाला ती सायकल हाय म्हनायचं सुचलं न्हाई, आन आताच सुचायलंय?’ त्या रात्री मी जेवलो. ती जेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती कोंडवाड्यावर जाऊन सायकल पुसून यायला लागली. दंड वाढायलाय, पण धूळ तरी नको, असं तिचं म्हणणं.

दि. ५ सप्टेंबर रोजी बन्सीधर यांनी भुजंगकडून सायकल फिरवून बघायला बाहेर काढली. मी तिथं नव्हतो. पाहणाऱ्यांनी सांगितलं की जावई मारुतीच्या पारापर्यंत ताठ गेले. तिथून चिखल सुरू होतो. खिळी माझ्या खिशात होत्या. पुढचं चाक जाम झालं आणि जावई हँडलवरून पुढं गेले. पांढरे कपडे होते. हाताला मुका मार आहे, हाड मोडलेलं नाही. म्हातारी माणसं पारावर बसली होती, त्यातला एकही उठला नाही, कारण जावयाला हसताना दिसू नये म्हणून सगळ्यांनी तोंडं धोतरात घातली होती.

दि. ७ रोजी आबासाहेबांनी इथं अर्ज दिला की, सटवाजी गडदे यानं मारकं जनावर मोकाट सोडून पिकाची नासाडी केली व जावयाला जखमी केलं. या अर्जावरून मला बोलावलं आहे.

माझं म्हणणं असं आहे. सायकल म्हणत असाल तर ती पायानं चालवल्याशिवाय चालत नाही, म्हणजे ज्वारीत ती कुणीतरी नेली. तो बूट या ढेकळात आहे. आणि बैल म्हणत असाल तरी हरकत नाही. दुसऱ्याचा बैल बांधावरून सोडून आपल्याच पिकात घालणं आणि वर त्याला कोंडवाड्यात नेणं, याला काय म्हणतात ते साहेबांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. बैल म्हणा नाहीतर सायकल म्हणा, दोन्ही बाजूंनी ती माझी आहे आणि दोन्ही बाजूंनी ती नेलेली आहे.

जमादार साहेबांनी आज सकाळी सायकल ठाण्यात आणवली. व्हरांड्यात दोन पंचांसमक्ष पाहणी केली. पंचनाम्यात ‘श्वास घेत असल्याचे दिसून आले नाही’ असं लिहिलं, ते बरोबर आहे. बन्सीधर यांना बूट काढायला सांगितलं. ढेकूळ आणि टाच जुळली. जावई सासऱ्याकडं बघत राहिले. आबासाहेब म्हणाले, ‘लेकीचं घर हाय साहेब. जावई हट्टाला पेटला तर बापानं काय करावं?’ मला मुलगी नाही.

अर्ज मागं घेतो असं त्यांनी लेखी दिलं आहे. जावयांवर माझी तक्रार नाही. तेवीस ताटांची भरपाई द्यायला मी तयार आहे, चाळीसची नाही. सायकल मला सायकल म्हणून परत मिळावी, पावतीवर ‘जनावर’ लिहू नये. खिळी मी इथंच बसवून घेतल्या आहेत.

हा जबाब जमादार साहेबांनी मला मोठ्यानं वाचून दाखवला. दोन ठिकाणी मी दुरुस्ती सांगितली, ती केली. आता सांगितलं तसं उतरलं आहे. सही माझी आहे, अंगठा नाही.

सहीनंतर एक गोष्ट राहिली, ती लिहून घ्यावी अशी माझी विनंती आहे. हरण्या मी १९८७ साली आबासाहेबांनाच विकला होता. किंमत त्यांनी सांगितली ती मी घेतली. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी तो बाजारात काढला, मला कळवलं नाही. आज दुपारी व्हरांड्यात माझ्या शेजारी बसून ते हळू आवाजात म्हणाले, ‘सटवा, झालं गेलं सोड. अडीचपट पैसा देतो, नव्या सायकलीचा.’ आकडा नक्की सांगा असं मी म्हणालो. त्यांनी सांगितला. मी नाही म्हणालो. रक्कम रुपये तीन हजार एक. तीन हजार सायकलीचे, एक रुपया घंटीचा.