शिफॉनचा घागरा

शिफॉनचं नाव काढू नका माझ्यापुढं, डोकं फिरतं! नणंदेनं लेकीच्या साखरपुड्याचा घागरा ऐन आदल्या दिवशी शिवायला आणून टाकला. असलं निसरडं कापड, खाली पेपरच्या पट्ट्या लावून पेपरासकटच शिवायचं आणि मग पेपर फाडून काढायचा, नाहीतर शिवण सरळ येतच नाही. सगळ्या पट्ट्या टाचून मी कुकर बंद करायला उठले. परत येते तर शेजारी बसलेल्या नणंदेनं पट्ट्या केराच्या टोपलीत टाकलेल्या!

"वहिनी, कापडाला स्वल्प कचरा अडकला होता, काढून टाकला."

दात-ओठ खात पुन्हा सगळं टाचलं, शिवलं. दुसऱ्या दिवशी राजाजीनगरच्या हॉलमध्ये जो तो घागऱ्याचं कौतुक करतोय, तर ही बया म्हणते कशी, "मी होते म्हणून! नाहीतर वहिनी पेपरासकटच शिवत होती!"