पान अकरावरचं गृहीतक

(गोटिंगेन, ऑक्टोबर १९२२. प्राध्यापक ब्राक यांची अभ्यासिका. टेबलावर होकायंत्र. समोर तरुण गणिती ल्यूडेके.)

ल्यूडेके : सात महिने! सात महिने माझा लेख तुमच्या खणात पडलाय, प्राध्यापक. तुम्ही अकादमीत मांडल्याशिवाय तो छापला जात नाही.

ब्राक : ओरडू नका. खाली लोक जेवतायत.

ल्यूडेके : लायडनमध्ये एकजण हेच लिहायला बसलाय. त्याचं आधी छापून आलं की रोस्टॉक विद्यापीठातली प्राध्यापकाची खुर्ची त्याची. मी काय, जन्मभर पोरांच्या वह्या तपासू?

ब्राक : असं काय शोधलंत, डॉक्टरसाहेब?

ल्यूडेके : जगाला पाचवी दिशा आहे असं धरलं, तर दगडाचं पडणं आणि चुंबकाचं ओढणं एकाच भूमितीतून निघतं. वाचलंत तरी का?

ब्राक : तीनदा. पान सहा. ‘मोजमापाची ही राशी सर्वत्र सारखीच आहे असे गृहीत धरू.’ का धरू?

ल्यूडेके : गणित सोपं होतं.

ब्राक : इतकं सोपं होतं, की तुमचंच शेवटचं समीकरण म्हणतं, जिथे नुसता चुंबक आहे तिथे त्याचं बळ शून्य. मग या होकायंत्राची सुई उत्तरेकडे का वळली? तुम्हाला घाबरून?

ल्यूडेके : द्या तो कागद इकडे.

ब्राक : सावकाश. पेन्सिल आणलीत, की तीही गृहीत धरलीत?

ल्यूडेके : ...शून्यच येतंय.

ब्राक : अभिनंदन.

ल्यूडेके : हसू नका. हे गृहीतक मी तुमच्याकडून घेतलंय. तुमचा १९१९चा लेख, पान अकरा. भिंतीवरचं ते पदक ज्याच्यासाठी मिळालं, तोच.

ब्राक : तपासलं नाहीत?

ल्यूडेके : तुमचं गणित? या गावात ते कोण तपासतं?

ब्राक : मीही नाही तपासलं.

ल्यूडेके : कधी कळलं?

ब्राक : मार्चमध्ये. तुमच्या चुका काढायला बसलो होतो.

ल्यूडेके : आणि खण लावून टाकलात. माझा लेख छापला असता, तर कुणीतरी माग काढत पान अकरावर पोचलं असतं. भेकड आहात तुम्ही.

ब्राक : हो.

ल्यूडेके : ...ती राशी बदलू दिली तर?

ब्राक : सुई वळते. उन्हाळाभर करून पाहिलं. पण आणखी एक बळ उगवतं. ते कुणी कधी पाहिलेलं नाही.

ल्यूडेके : तेही खणातच असेल.

ब्राक : हे घ्या. शुक्रवारी बैठक आहे. लेख तुमच्याच नावानं मांडतो. पहिल्या वाक्यात फक्त माझं नाव घाला.

ल्यूडेके : आभार मानणार नाही मी.

ब्राक : मानू नका. चूक कुणाची, तेवढं लिहा.