सहा गणितं

समुपदेशक बाई घरीच लोकांना भेटत; त्यांच्या स्वयंपाकघरात झाकण खणकन पडलं आणि बाहेरच्या खोलीतली शांतता एकदाची मोडली. तान्ह्या बाळाला थोपटत नंबराची वाट पाहणाऱ्या आईने दचकून मान वर केली. समोर एक जोडपं मध्ये खुर्ची रिकामी सोडून बसलं होतं. बापाच्या हातात फॉर्म होता आणि सात वर्षांची लेक पायाशी चित्र रंगवत होती.

“‘मुलीची आकलनशक्ती कशी आहे?’ काय लिहू?”

“लिही, बापावर गेलीये.”

“घटस्फोट होईपर्यंत तर तुझ्यावर गेली होती.”

“तेव्हा वर्गात पहिली यायची ना!”

“आणि आता सहा-सहा गणितं चुकतात. तुझ्या घरी अभ्यास कोण घेतं, टीव्ही?”

“टीव्ही निदान घरी तरी असतो. तू कुठे असायचास?”

“बरं, पुढचा प्रश्न. ‘दुसऱ्याच्या भावना कळतात का?’”

“नाही लिही. आपण एवढं भांडतो, पण ही आपली रंगवत बसते. दगड आहे नुसता!”

“चला, एका उत्तरावर तरी आपलं जमलं.”

तेवढ्यात बाईंनी दोघांना आत बोलावलं. दार लागलं तशी मुलगी खडू ठेवून बाळाच्या आईजवळ सरकली.

“मावशी, बाळ झोपलंय ना? मग मी हळू बोलते.”

“बोल ना, राणी.”

“तीन गणितं चुकवली तर शाळेत एकटी आई येते. सहा चुकवली की दोघं येतात. मग दोघांनी एकाच घरी जायला किती चुकवायची?”