काच बंद होती, तरी टाळ ऐकू आला

या मायबापहो, जवळ सरकून बसा, बाभुळगावच्या फाट्यावरची गोष्ट सांगतो. आमचे उकंडाबुवा रोज पहाटे टाळ वाजवत पायी काकड्याला जातात. त्यांची बायको इंदूबाई संघदीप मेकॅनिकच्या दुकानाशी एसटीची वाट पाहत बसली होती. तेवढ्यात नीळकंठसाहेब मोटार घेऊन आले.

"संघदीप, हे पांढरे लाइट काढ. याच्याहून जबर लाव."

"कायले साहेब? मागच्याच हप्त्यात बसवले ना!"

"धुक्यात समोर पांढरी भिंत होते. रस्ताच दिसत नाही."

"होईनच. धुकं उजेड परत फेकते. जबर नाही, पिवळे फॉगलाइट लावू, खाली बंपरपाशी. अन् हेडलाइटची मान खाली करतो. पण इतकी घाई काहून, झालं काय?"

"काल पहाटे नाल्याच्या पुलावर... काच बंद होती, तरी टाळ ऐकू आला. ब्रेक मारला."

"मंग?"

"एक बुवा उभे होते. हातातला टाळ बॉनेटले टेकला होता रे! आता दिवसाही गाडी चालवाचं भेव लागते."

"लागलं तर नाही त्यायले?"

"नाही. मलेच म्हणाले, 'भेऊ नको लेका. फक्त माह्या घरी कळू देऊ नको, बायको काकडा बंद करन.'"

एसटी आली, थांबली, निघून गेली. इंदूबाई जागची हलली नाही.

"संघदीप, ते चमकतं रेडियम हातभर कापून दे."

"बैलगाडीले लावता का मावशी?"

"नाही रे. सदऱ्याच्या पाठीले. उद्या काकडा हाय."

मायबापहो, धुक्यात गाडी काढाल तेव्हा काच थोडी खाली करा, अन् आमच्या उकंडाबुवांची आठवण ठेवा.