भाताच्या पेंढ्यातला ओलावा

आदरणीय अध्यक्ष अनंतराव, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती अंबादासकाका, सुगंधावहिनी आणि जेवणाचा वास येऊनही जागेवर बसून राहिलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

चारकोपच्या या गाळ्यात आपण शेतातला टाकाऊ पेंढा दाबून बॉयलरसाठी इंधनाचे ठोकळे करतो. ते दाबयंत्र काकांनी अठरा वर्षं चालवलं. आत्ताच हर्षदने मानपत्र वाचलं. छान वाचलं. त्यात 'सहा वर्षांपूर्वीची एक चूक वगळता निर्दोष सेवा' असं वाक्य आहे. हर्षद, तुझा दोष नाही; तू सेवापुस्तकातून जसंच्या तसं उतरवलंस. पण ती चूक काकांची नव्हती.

त्या वर्षी पालघरहून भाताच्या पेंढ्याचा ट्रक आला होता. प्रयोगशाळेत मी नवीन. नमुन्याची पिशवी शुक्रवारी चालू ओव्हनशेजारी उघडीच ठेवून मी घरी गेले. सोमवारी ओलावा मोजला. आठ टक्के! उत्तम. दोन दिवस शेकत होती ती पिशवी, ट्रक नव्हे.

काकांनी ट्रकमधला मूठभर पेंढा माझ्या टेबलावर आणून ठेवला. "मॅडम, हाताला ओलं लागतंय."

मी म्हणाले, "काका, मशीन खोटं बोलतं का?"

"मशीन कशाला बोलेल?" एवढंच म्हणून ते कामाला लागले.

ओल्या पेंढ्याचे ठोकळे टिकत नाहीत; गिऱ्हाइकाकडे पोचेपर्यंत त्यांचा भुसा झाला. सगळा माल परत आला. बैठकीत ठरलं की काकांनी दाब कमी ठेवला. त्यांना मेमो मिळाला, सुपरवायझरपद दुसऱ्याला गेलं. तोवर मला ती उघडी पिशवी आठवली होती. मी त्याच बैठकीत बसले होते. बिस्किटं चांगली होती.

नंतर जिन्यात मी विचारलं, "काका, तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुमचं प्रोबेशन चालू आहे ना? जा, चहा थंड होतोय."

महिन्याभरात मी कायम झाले. तरीही बोलले नाही. सहा वर्षांत बोलायला सोयीचा दिवस सापडला नाही, असं म्हणू का? रोज सापडत होता.

अध्यक्षमहाराज, ते वाक्य खोडल्याशिवाय मानपत्र काकांच्या हाती देऊ नये, आणि सेवापुस्तकात तिथे माझं नाव लिहावं, ही विनंती. मानपत्राला फ्रेम झाली आहे, ठाऊक आहे. मागे चारच खिळे आहेत. मी पाहिलेत.

आयोजकांचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. काका, तुम्ही घालू नका. तुम्ही आधीच खूप घातलंत.