तिसरा ‘ये’

— नाही, त्या खुर्चीवर नका बसू, ती मागे कलते, पाहुण्यांना पाडायची खोडच आहे तिला — इकडे बसा, सतरंजीवर. गाद्या बघून हसताय ना? हसा. भिंतींना चार, दाराला एक, आणि माझ्या माहेरून आलेली नवीकोरी ती खिडकीला टांगलीय. झोपायला आम्हाला सतरंजी. तो म्हणतो, गाद्या आवाज शोषून घेतात. घेतात खऱ्या. लग्न होऊन चार महिने झाले, या घरात मी जे काही बोलले ते बहुतेक यांनीच शोषलं. तो नाहीये आत्ता. केबल आणायला गेलाय, तिथून कंपनीत, तासभर सहज लागेल — ठाऊक आहे, मेसेज आला म्हणून त्याला भेटायला आलात. पण आलाच आहात तर बसा. पाणी कोमटच आहे. गाणारं माणूस कोमट पितं, एवढं इथे येऊन शिकले. मघाशी दारात तुम्ही विचारलंत, ‘घुम्या आहे का?’ आणि क्षणभर मला कळेचना कोण. म्हटलं शेजारच्यांचं मांजर शोधताहेत. म्हणजे तुमच्याकडे त्याचं एक नाव आहे. माझ्याकडे नाही अजून. सासूबाईंसमोर ‘हे’ म्हणते, त्या लेकीकडे गेल्या की ‘तो’, आणि हाक मारायची वेळ आली की ‘अहो अरे ऐक ना’ असं सगळं एकदम तोंडातून पडतं. नाव पडायला वेळ लागतो माणसाला, नाही का? लागतोच.

तुम्ही दिसता मात्र वेगळ्या. मी उंच धरलं होतं तुम्हाला. आवाजावरून माणूस उंच वाटतं. गेले तीन आठवडे आपण शेजारणीच आहोत असं समजा, मधे ही एवढी भिंत. तुमचं ते गाणं, सात वर्षांपूर्वीचं, कंपनी आता एका नव्या मुलीकडून गाऊन घेतेय. मुलगी बरी गाते. पण कंपनीची अट एकच — आवाज नवा चालेल, घुमणं जुनंच हवं, कारण लोकांना म्हणे तेच आठवतं. आणि जुनं तर काही उरलं नाही. त्यानं तेव्हा ज्यावर ते रेकॉर्ड केलं तो कॉम्प्युटर सगळ्या फायलींसकट मेला, हातात आहे नुसतं तयार गाणं. म्हणजे चहातून दूध वेगळं काढून दाखव म्हणण्यासारखं झालं. उद्या दुपारी बारापर्यंत द्यायचंय. नाही जमलं तर काम दुसऱ्या स्टुडिओकडे, आणि त्याचं हे पहिलं मोठं काम, यानंतर मग पुन्हा साबणांच्या जाहिराती. तर तो करतो काय — तुमची एकच ओळ लावतो, ‘वाट मोकळी आहे, ये’, आणि ऐकतो. मग पुन्हा लावतो. मी भांडी घासतेय आणि भिंतीपलीकडून बाई म्हणतेय, ये. मी कपडे वाळत घालतेय, बाई म्हणतेय, ये. किती वेळा ते काही मी मोजलं नाही — मोजलं, एका सकाळी. एकशे बारा. घरात नवी नवरी असताना दुसरी बाई तिच्या नवऱ्याला सकाळभरात एकशे बारा वेळा ‘ये’ म्हणते, आणि याला म्हणायचं काम. आईला फोनवर मी हसूनच सांगितलं. आई म्हणाली, कामाचं आहे बाई, मनाला लावून घेऊ नकोस. नाही घेतलं. आणि माझा आवाज त्याच्याकडे नाही असं थोडंच आहे? आहे की. माइक तपासायला मलाच उभी करतो. एक, दोन, तीन. एवढाच आहे, पण आहे.

मग म्हटलं, धुमसत बसण्यापेक्षा शिकून घ्यावं. रिव्हर्ब म्हणजे त्या जागेचं घुमणं, गाणारा थांबला तरी जागा त्याचा आवाज थोडा वेळ धरून ठेवते ते. आणि डिले म्हणजे शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येतो तो. मी आपली खूण ठेवली — एक राहतो, एक परत येतो. दोन्ही तुमचेच, चांगलंय. जागा कुठली ते त्यानं माझ्यापासून लपवलं नाही हं. याच बिल्डिंगचा जिना. तुम्ही तळमजल्यावर उभ्या, माइक चौथ्या मजल्यावर, मधे सगळी पोकळी. आता त्या पोकळीत लिफ्ट बसवलीय, तुम्ही आलात तीच. टाळी वाजवली तर नुसतं थप्प होतं, जसं काही कोणी पाठीत मारलं. म्हणून हा यंत्रात जिना शोधत बसला. यंत्रात बोगद्यापासून विहिरीपर्यंत सगळं मिळतं, आमचा जिना तेवढा नाही. तो सापडला मला. मागची बिल्डिंग बघितलीत? हिची जुळी बहीण, आणि तिथली माणसं लिफ्टच्या वर्गणीवरून सहा वर्षं भांडताहेत, देव त्यांचं भलं करो. मी फुगे घेऊन गेले. फुगा फोडायचा, त्याचं घुमणं रेकॉर्ड करायचं, की मग यंत्र कुठलाही आवाज त्या जागेत नेऊन उभा करतं — हे त्याच्याच पुस्तकात होतं, त्यानं वाचून विसरलेल्या पानावर. बावीस फुगे फोडले. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा बाहेर आले, म्हणाले, वाढदिवस कोणाचा? म्हटलं, कोणाचा नाही, सवतीचा आवाज बसवतेय. म्हणजे — तसं म्हटलं नाही, मनात म्हटलं. तुम्हाला उगाच बोलून गेले. पाणी घ्या ना.

तो इतका खूश झाला. ‘कमाल आहेस तू’ म्हणाला. नव्या मुलीचा आवाज त्यानं माझ्या फुग्यांतून काढला आणि हुबेहूब तुमचा जिना, काडीचा फरक नाही. मी दारात उभी. वाटलं, आता हेडफोन काढेल, आता म्हणेल चल कुठेतरी जाऊ. त्यानं पुन्हा घातले. कारण डिले राहिला होता. तुमच्या गाण्यात शेवटचा शब्द तीनदा परत येतो, एकेक बारीक होत — ये, ये, ये. पहिले दोन त्यानं अर्ध्या तासात जमवले. तिसरा जुळेना. नऊ दिवस झाले. उशिरा आणून बघ, लवकर आणून बघ, जाड कर, बारीक कर — आणि मी खोलीत पाऊल टाकलं की बंद. आधी तसं नव्हतं. आधी तुम्ही घरभर गात होतात, मी कढईशी बसून ऐकत होते. आता मी आले की तुम्ही दोघं गप्प. एक सांगू? नवरा दुसऱ्या बाईचं गाणं मोठ्यानं लावतो तोवर काही नसतं. त्यानं हेडफोन घातले की बायकोनं कान टवकारावेत.

म्हणून परवा तो बाहेर पडल्यावर मी इथे बसले, तेवढाच तुकडा घेतला आणि चौपट संथ केला. पहिला ‘ये’, तुम्ही. दुसरा, तुम्हीच, जरा लांबून. आणि तिसऱ्याच्या आधी श्वास. परत येणारा शब्द श्वास घेतो का हो? यंत्राला छाती असते का? नसते. आणि तो श्वास ओळखायला मला काही वेळ लागला नाही — डावी नाकपुडी चोंदलेली, शेवटाला बारीक शीळ. चार महिने माझ्या कानाशी वाजतेय ती. तिसरा ‘ये’ तुमचा नाहीच. त्याचा आहे. तुमच्याच पट्टीत, इतक्या हळू की तुमच्या सावलीत सावली मिसळून जावी. त्याला जिन्याचं घुमणंसुद्धा नाही, खोलीतला आहे, इथला, दार लावून म्हटलेला. तुम्ही गेल्यावर. माझ्यासमोर हा माणूस कधी गुणगुणलेला नाही. लग्नात माझ्या बहिणींनी किती आग्रह केला, तर म्हणाला, मला गाता येत नाही, मी फक्त ऐकतो. माझ्या बहिणी म्हणाल्या, भाग्यवान आहेस, ऐकणारा नवरा मिळाला.

मग नऊ दिवस तो शोधत काय होता? विसरला होता का? छे. स्वतःचा आवाज कोणी विसरत नाही. माइकसमोर उभं राहून एकदा ‘ये’ म्हटलं असतं की संपलं होतं काम, दोन सेकंदांत. ते तो म्हणत नाही. यंत्राकडून म्हणवून घ्यायला बघतोय. आता ते माझ्याखातर म्हणत नाही, मी घरात आहे म्हणून — की तुम्ही असल्याशिवाय त्याला ते म्हणताच येत नाही — हे मला — हेच मला कळत नाही, आणि त्याला विचारायची माझी छाती नाही. म्हणून तुम्हाला बोलावलं. हो, मी. त्याला काही माहीत नाही. ‘तो आवाज जमत नाहीये, एकदा येऊन जा’ — ते मी लिहिलं, तो आंघोळीला गेला होता तेव्हा, त्याच्या फोनवरून. तुमचं उत्तर आलं तेव्हा नळसुद्धा बंद झाला नव्हता. सात वर्षांनी मेसेज, आणि माणूस एवढ्या लगेच उत्तर देतं. मी दोन्ही पुसून टाकले.

बसा, उठू नका. भांडायला नाही बोलावलं, भांडण मला जमत नाही, माझा आवाज चढला की चिरकतो. एकच विचारायचंय. त्यानं ‘ये’ म्हटलं, त्यावर तुम्ही काय म्हणालात? एवढंच. आणि आधी ऐका, म्हणजे ‘कुठला ये’ म्हणायला जागा राहणार नाही. घाला हेडफोन. केस मागे घ्या. हा पहिला. हा दुसरा. आता श्वास — आला? आणि हा.

झालं. सांगा आता.

काय झालं? अशा का बघताय? तुमचंच गाणं आहे, सात वर्षं ऐकताय — पुन्हा? पुन्हा कशाला लावू?

म्हणजे — तुम्हाला माहीत नव्हतं?

नाही, थांबा, एक मिनिट. तुम्हाला तो यंत्राचाच वाटत होता. आणि त्यानं कधी काही — एकदाही नाही? गाणं झालं त्याच आठवड्यात तुम्ही गाव सोडलंत ना, सामान उचलायला हा आला होता, सासूबाई सांगत होत्या — तेव्हाही नाही? नुसता पेट्या उचलून गेला? आणि तुम्ही त्या दिवशी वाट बघत — नाही, ते नका सांगू. ते मी विचारलेलं नाही. मला ते नकोय.

बघा, काय करून बसले मी. जे त्याला सात वर्षांत पोचवता आलं नाही, ते मी तुम्हाला घरी बोलावून, सतरंजीवर बसवून, कोमट पाणी देऊन, कानाला लावून पोचतं केलं. वर तुमचे केस मागे घ्यायला लावले, नीट ऐकू यावं म्हणून. याला काय म्हणायचं? संसाराला हातभार.

नाही, पुन्हा नाही ऐकवणार. द्या ते हेडफोन. द्या म्हणते ना. रडू नका, रडायचंच असेल तर माझा नंबर आधी आहे. तो तुकडा मी आज काढून टाकणार आणि त्याला सांगणार, दोन ‘ये’ पुरे झाले, तिसरा लोकांना ऐकूच येत नाही. जिच्यासाठी होता तिला आला नाही, तर लोकांचं काय. ऐकेल तो माझं. फुग्यांचं ऐकलं होतं.

निरोप? काही निरोप नाही. नंबर तुमच्याकडे आहे, आणि मी काही रोज त्याच्या आंघोळीच्या वेळी टपून बसणार नाही — तेव्हा तुमचं तुम्ही बघा. पण आज नाही. तासभर म्हटलं ते खोटं होतं, तो एवढ्यात येईल. उठा. पदर सावरा, डोळे पुसा, या चपला. तो लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही, जिन्यानंच चढतो. तुम्ही लिफ्टनं जा.