सचिवालयातला पेशंट

आता नव्या रायपुरात मंत्रालय चकाचक आहे बाप्पा, पण छत्तीसगड राज्य नवीन झालं तवा ते जुन्या दवाखान्याच्या इमारतीत होतं. मी सचिवसाहेबांचा स्टेनो. साहेब आधी परदेशात राजदूत होते. एक दिवस मिटिंग सुरू असताना अभनपूरची एक बाई दवाखानाच समजून आत घुसली अन् पोट धरून साहेबांपुढं बसली.

“डागदर साहब, पेट मा बहुत पीरा हे!”

मी तिले उठवाले गेलो, तर साहेबांनी मलेच थांबवलं. तिचं सगळं ऐकलं अन् आपल्या गाडीनं तिले नव्या दवाखान्यात पाठवलं.

मी म्हटलं, “सर, डॉक्टर नाही म्हणून सांगाचं होतं ना!”

साहेब म्हणाले, “वानखेडे, जन्मभर वाटाघाटी केल्या. कुठं दुखतं ते पहिल्याच वाक्यात सांगणारी ही एकटीच भेटली.”